वाळूच्या रंगाची चिंबोरी

आखातातल्या माझ्या माहूजच्या किचनमध्ये त्या हिवाळ्यात कोंबड्याची पिसं कुठे नव्हती ते विचारा. पिठाच्या डब्यावर, साबणाला चिकटलेली, एकदा तर सरळ आमटीत. माझा नवरा अँब्रोज जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्या कंपनीतल्या इंग्रज साहेबासाठी मासे धरायचे खोटे किडे बांधायचा. गळाला पिसं, बकऱ्याचे केस आणि दोरा गुंडाळायचा, वरून माझं नेलपॉलिश फासायचा. बेसिनच्या बुचाची साखळी तोडून तिच्या मण्यांचे डोळेसुद्धा केले. त्या टेबलावर जेवायची मला शिसारी येऊ लागली.

आम्ही दोघं वसईच्या पाचूबंदरचे कोळी. बापजाद्यांनी जाळी ओढली. पिसांनी मासे धरणाऱ्याला आमच्यात वेडा म्हणतील. पण साहेबाला जाळ्यातला मासा नको होता. चपटा, चंदेरी, जाड ओठांचा आणि काळ्या शेपटीचा एक मासा असतो, इंग्रज त्याला पर्मिट म्हणतात. तो हवा होता, आणि तोही पिसांच्या गळावरच. बुदैयाच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात तो यायचा, गळ बघायचा आणि तोंड फिरवून जायचा.

आम्हाला साहेबाची सही हवी होती. आमचा फ्रान्सिस दोन वर्षांचा असल्यापासून वसईला माझ्या आईकडे होता. आता आईला धड दिसत नव्हतं. फॅमिली व्हिसाचा कागद साहेबाच्या टेबलावर पडून होता, आणि साहेब मार्चअखेर कायमचा विलायतेला चालला होता.

"पर्मिट मिळाला की साहेब खूश. मग सही मागतो, इंशाल्ला," अँब्रोज म्हणायचा.

माझं पोर एका माशाच्या मर्जीवर! थू.

त्याने कोळंबीसारखा गुलाबी किडा बांधला, मांदेलीसारखा लांब पांढरा बांधला. मासा ढुंकून बघेना. मग त्याच्या ध्यानात आलं की हा मासा चिंबोऱ्या खातो. काळपट हिरवी चिंबोरी बांधली, पायबिय लावून. ती बघून तर मासा पळालाच.

"वसईच्या खाडीतली चिंबोरी बांधलीस," मी म्हटलं. "इकडे तसला चिखल आहे का? इकडची वाळूच्या रंगाची असते रे."

तो माझ्या मांडीकडे बघत राहिला. मी फ्रान्सिससाठी स्वेटर विणत होते, फिकट बदामी लोकरीचा.

"थोडीच लागेल गो," तो म्हणाला.

साहेबाची थुंकी झेलणाऱ्या नवऱ्याची मला किळस येत होती. तरी बाही मीच उसवून दिली.

इथे चर्चमध्ये मिस्सा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. ती बुडवून मी डबा घेऊन दोघांबरोबर बुदैयाला गेले. ओहोटी लागली होती. साहेबाने टाकलेली लोकरीची चिंबोरी तळाशी बसली. मासा आला, शेपटी वर करून खाली वाकला, आणि दोरी सुसाट पळाली. साहेब आनंदाने किंचाळत होता. बराच वेळ झगडून त्याने मासा काठाशी आणला आणि अँब्रोजला ओरडला, "होल्ड हिम!"

अँब्रोजने धरला. आणि लहानपणापासून करत आला तेच केलं. कल्ल्यात अंगठा खुपसून माशाची मान मागे मोडली. पाणी लाल झालं.

साहेब कुठलाच मासा ठेवायचा नाही. फोटो काढायचा, गोंजारायचा आणि परत पाण्यात सोडायचा. अँब्रोजला हे चांगलं माहीत होतं. पण ओला मासा हातात आला आणि सगळं विसरला.

"यू बुचर," साहेब एवढंच बोलला. दोरी कापली आणि गाडीत जाऊन बसला. गळाने ओठ फाडून तासभर खेळवायचं ते चालतं, पोटासाठी मारलं की आम्ही खाटीक! मला त्या माणसाचा वीट आला.

माहूजला उतरवताना त्याने काच खाली केली. "तुझ्या व्हिसाचं आता नव्या मॅनेजरला विचार," म्हणाला आणि निघून गेला. अँब्रोज रस्त्यात मासा धरून उभा होता.

मासा मीच कापला. पोटातून बदामी चिंबोऱ्यांचा चुरा निघाला. रंग बरोबर होता. घरून आणलेला आमचा बाटली मसाला लावून तळला. अँब्रोज शिवला नाही. मी जेवले. मासा गोड लागला, आणि त्या गोडीचीच मला ओकारी आली.

मग मोरीत पडलेलं डोकं उचललं. त्या जाड ओठात फ्रान्सिसच्या बाहीची लोकर अजून अडकलेली होती. ती सोडवून मी साबणाने धुतली, पुन्हा धुतली. वास काही गेला नाही.