मावशी, दोन कट

“मावशी, दोन कट आणा बाहेर!”

हाक ऐकली आणि मी मागं वळून बघितलं. वाटलं, जोतीरामनं कामाला आणखी कुणी बाई ठेवलेली दिसतेय आणि मेल्यानं मला सांगितलंसुद्धा नाही. मागं कुणीच नव्हतं. बटाट्याचं पोतं होतं, तेलाचे डबे होते आणि खिळ्याला अडकवलेली माझीच पिशवी. तेवढ्यात पुन्हा हाक आली, “ओ मावशी!” आवाज माझ्या भावाचा होता.

आता मावशी म्हटलेलं मला चालत नाही असं नाही. तुर्भ्याला ट्रक उभे राहतात तिथं माझी कटवड्याची गाडी. ड्रायव्हर, माथाडी, कारखान्यातून सुटलेली माणसं, सगळी मला मावशीच म्हणतात. इकडं स्वयंपाकाची बाई मावशी, भांड्यांची बाई मावशी, दवाखान्यात फरशी पुसणारी पण मावशीच. मी त्याचं कधी मनाला लावून घेतलं नाही. पण जोतीराम माझा पाठचा भाऊ. बोलायला लागला तेव्हापासून मी त्याची आक्का.

आमची आई कोल्हापूरकडं, मुरगूडच्या बाजारात कटवडा विकायची. बशीत गरम वडा ठेवायचा आणि वरून सुक्या खोबऱ्याचा, कांदा-लसूण मसाल्याचा लालभडक पातळ रस्सा ओतायचा. तो रस्सा म्हणजे कट. मुंबईची माणसं वडा पावात घालतात आणि चालत चालत खातात. आमच्या वड्याला बूड टेकून बसावं लागतं आणि नाक पुसायला रुमाल लागतो. आई गेली तेव्हा जोतीराम शाळेत होता आणि मी लग्न होऊन तुर्भ्याला आलेली. बाबासो, म्हणजे माझे मालक, इथं कंपनीत कामाला. त्यांनीच जाऊन त्याला इकडं आणलं. माझ्या गाडीशेजारी बसून त्यानं अभ्यास केला, नाही केला, आणि शेवटी झारा हातात धरला. आई गेल्यावर मला माहेर म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. जोतीराम हेच माझं माहेर, असं मी येईल त्याला कौतुकानं सांगायची.

पुढं त्याची ओळख श्यामसुंदर शेठशी झाली. शेठचा कोपरखैरण्याला नव्या बिल्डिंगखाली गाळा होता आणि तिथं काहीतरी खाण्याचं चालू करावं असं त्यांच्या मनात होतं. जोतीराम धावतच घरी आला. म्हणाला, “आक्का, आपलं दुकान हुतंय. आता तुला उन्हात उभं ऱ्हायचं काम न्हाई.”

आपलं म्हणाला. तेवढ्या एका शब्दावर मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, की दसऱ्यापासून गाडी बंद, आता भेटू कोपरखैरण्याला माझ्या भावाच्या दुकानात. बाबासो म्हणाले होते, थोडे दिवस गाडी राहू दे, काय होतंय बघ. मी त्यांच्यावरच उखडले. माझ्या भावाचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही, इथपर्यंत बोलले.

दसऱ्याला सकाळी मी पाट्यावरचं वाटण घेऊन दुकानावर पोचले. दारावर झेंडूचं तोरण आणि वर नवी कोरी पाटी: अस्सल कोल्हापुरी कटवडा. त्याखाली बारीक अक्षरात, आमची कुठेही शाखा नाही. ते वाचून मला हसू आलं. म्हटलं, बरोबरच आहे, माझी गाडी काय शाखा नाही, खोड आहे खोड. आत भिंतीवर आईचा फोटो लावला होता, हार घालून. तो बघून तर मला भरूनच आलं. मी पदर खोचला आणि कामाला लागले.

आणि मग ती हाक आली.

दोन बशा घेऊन मी बाहेर गेले. शेठ आणि त्यांची मंडळी टेबलाशी बसली होती. मला अजून वाटत होतं, की पोरगं गंमत करतंय, आता हसेल आणि म्हणेल, ही माझी आक्का. शेठनं एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला म्हणाले, मावशी, हाताला चव आहे तुमच्या. मग जोतीरामकडं वळून विचारलं, “कुठं मिळाल्या रे ह्या तुला?”

जोतीराम माझ्याकडं न बघता म्हणाला, “तुर्भ्याला गाडी लावायच्या, शेठ. बाई गरीब आहे. म्हटलं, ठेवू आपल्याकडे कामाला.”

इतकं शुद्ध बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

शेठ एकदा फोटोकडं आणि एकदा माझ्याकडं बघायला लागले. माझं कपाळ, नाक, सगळं आईचंच आहे, गावाकडं कुणीही सांगेल. शेठ म्हणाले, “अरे, ह्या तर तुझ्या आईसारख्याच दिसतात की. म्हणजे खरीखुरी मावशीच झाली तुझी!” सगळी मंडळी हसली. जोतीरामही हसला. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले. चार लोकांत दुसरं काय करणार?

हातातलं काम मी टाकलं नाही. पाहुणे उपाशी होते आणि वड्याचा त्यात काही दोष नव्हता. सगळ्यांचं खाणं झाल्यावर हात धुतले, पिशवी काढली आणि मागच्या दारानं निघाले. जोतीराम मागून आला. शेठला त्यानं सांगितलं होतं म्हणे, की कोल्हापुरात आमचं मोठं हॉटेल होतं आणि आई गल्ल्यावर बसायची. आता तिची लेक रस्त्यावर गाडी लावते असं कसं सांगणार?

“म्हणून मी मावशी?” मी विचारलं.

“आक्का, जरा दम धर की. धंदा बसू दे एकदा. मग सांगतो की सगळ्यास्नी, तू भन हाईस म्हणून.”

धंदा बसल्यावर मी बहीण होणार होते. ज्याचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं, त्यानं मला हे सांगावं. त्याच्या एक कानाखाली द्यावी असं फार वाटलं. पण हात उचलला नाही, सरळ बस धरली. आईचा फोटो तेवढा काढून आणायला हवा होता, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं.

घरी बाबासोंनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, कट चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्यांनीच गाडी बाहेर काढली, चाकाला तेल दिलं आणि नेहमीच्या जागी नेऊन लावली. त्या भल्या माणसाला मी काय काय बोलले होते.

गिऱ्हाइकं विचारायची, मावशी, दुकानाचं काय झालं? मी सांगायची, तिथं आमची शाखा नाही. लोक हसायचे. पण मावशी अशी हाक आली की मी आधी मागं वळून बघायची. ती एक खोडच लागली मला. पंढरी म्हणून एक ड्रायव्हर रोज येतो, तो चेष्टाही करायचा, की मावशी, मागं कोण उभं आहे तुमच्या?

भाऊबीज आली. त्या दिवशीही मी गाडी लावली. घरी बसले असते तर वाट बघितली असती. तरी सकाळी निरांजनात वात घालून ताट तयार ठेवलंच होतं, बाबासोंच्या नजरेला पडणार नाही असं.

दुपारी रस्त्यापलीकडं शेठची गाडी थांबली. शेठ आतच बसून राहिले. जोतीराम उतरला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “आक्का, चल की. कट जमंना झालाय. गिऱ्हाईक तुटाय लागलंय.”

मी विचारलं, “काय देऊ, साहेब?”

त्याचा चेहरा उतरला. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, “एक कट.”

मी बशीत वडा ठेवला. आणि कसं झालं कळलं नाही, हातानं आपोआप चमच्यानं त्याचे चार तुकडे केले, कट ओतला आणि मी वर फुंकर घातली. लहानपणी त्याला गरम सोसायचं नाही. बाजाराच्या दिवशी आईच्या वड्यांच्या पाटीमागं बसून मी त्याला असाच वडा फोडून द्यायची. त्यानं बशीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

पंढरी शेजारीच खात होता. त्याची नजर बारीक. जोतीरामला म्हणाला, “आमाला कदी फोडून नाय देत हां. कोण लागते तुमची मावशी?”

कट ओतायचा डाव माझ्या हातातच राहिला. मी साहेब म्हटलं होतं, सगळं खरं, पण त्या क्षणाला मला एवढंच ऐकायचं होतं. एक शब्द. रस्त्यावरच्या लोकांसमोर म्हणाला असता तरी मी गाडी तशीच सोडून त्याच्याबरोबर गेले असते, कट करून दिला असता, जन्मभर दिला असता.

जोतीरामनं पलीकडं शेठच्या गाडीकडं बघितलं आणि तुकडा तोंडात घातला. मग दुसरा घातला. तोंडात घास असला की माणसाला बोलावं लागत नाही. त्यानं बशी पुसून खाल्ली, पिशवी माझ्या गाडीच्या कडेला ठेवली आणि चालायला लागला.

“साहेब,” मी मोठ्यानं हाक मारली, “तुमची पिशवी राहिली.”

तो परत आला. पिशवी घेतली, आणि रस्ता ओलांडून गेला. मी त्याची बशी विसळली आणि बाकीच्या बशांत ठेवली.

“मावशी, दोन कट,” कुणीतरी म्हणालं. मी मागं वळून बघितलं नाही. वडे तेलात सोडले.