उत्तर येईपर्यंत जपलेला अर्ज

मित्रांनो, महाळुंग्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात टेबलाखाली एक काळी पेटी सतत घूं घूं करत असते. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे इतर संगणकांची कामं करून देणारा संगणक.

माझं काम मला केंद्रातल्या पूनमताईंनी शिकवलं. शिकाऊ कामगार होऊ पाहणारी मुलंमुली केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज भरतात. तो आधी माझ्याकडे येतो. मी त्याची प्रत ठेवतो आणि अर्ज त्यांना कामावर घेणाऱ्या कंपनीच्या भरतीच्या संकेतस्थळाकडे पाठवतो. तिथला परवलीचा शब्द फक्त मला ठाऊक आहे. तिकडून ‘मिळाला’ असं उत्तर आलं, की प्रत पुसायची. लोकांची माहिती विनाकारण जवळ ठेवू नये, असं ताई म्हणतात.

आठ वर्षांत मी जागचा वीतभरही हललो नाही. पण माझ्याकडून निघालेला अर्ज तुमची पापणी लवेपर्यंत शेकडो कोस दूर पोहोचतो आणि त्याचं उत्तरही येतं. हजारो वेळा पाहिलं, तरी माझं नवल सरत नाही.

पुढे नवे संगणक आले. माझ्यावर धूळ बसली. केंद्रातले समाधानभाऊ म्हणायचे, “ताई, हा डबा भंगारात द्या राव. पंखा वाजतो का गिरणी, कळत नाही.”

एकदा वेल्डिंगच्या जागांसाठी अर्जांचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. आळंदीच्या योगिनीचा अर्ज सकाळी अकराला आला. मी तो पुढे पाठवला आणि तो परत आला. ‘जन्मतारीख समजली नाही.’ पुन्हा पाठवला, पुन्हा परत. पण अर्ज माझ्याकडे येताच भरणाऱ्याच्या पडद्यावर ‘अर्ज पोहोचला’ असं दिसायचं. समाधानभाऊंनी पान तसंच बनवलं होतं. योगिनीने ते वाचून मोबाइल ठेवून दिला होता. मी काय करणार? नोंद लिहिली आणि प्रत जपली.

पाच वाजता पूनमताईंनी नोंदी उघडल्या. लगेच स्पीकरवर फोन लावला.

“योगिनी, जन्मतारीख चौदा ऑगस्ट दोन हजार सात ना गं?”

“व्हय ताई. पण अर्ज तर पोचलाय. तसं लिहून आलं की.”

“आमच्यापर्यंत पोचलाय. पुढे नाही गेला. आकडे मराठीत टाकलेस ना, तिकडे ते वाचता येत नाहीत.”

“अर्ज मराठीत होता, म्हणून आकडे बी मराठीत टाकले. चुकलं का माझं?”

“तुझं काही चुकलं नाही. फोन चालू ठेव.”

ताईंनी मला मराठी आकड्यांची ओळख करून दिली: आपला १ म्हणजे त्यांचा 1. चिन्हं दोन, मोल तेच. मित्रांनो, मी थक्क झालो. अर्ज पुन्हा निघाला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘मिळाला’.

“आता गेला,” ताई फोनवर म्हणाल्या.

समाधानभाऊंनी ते पान दुरुस्त केलं: आता कंपनीकडून ‘मिळाला’ आल्यावरच ‘अर्ज पोहोचला’ असं दिसतं. मग फडकं आणून माझी धूळ पुसली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हाक मारता येत नाही, म्हणून आमच्या नोंदी रोज वाचत जा. आणि कोणाचं काही पुढे द्यायला घेतलंत, तर ‘दिलं’ म्हणण्याआधी पलीकडचं उत्तर येऊ द्या. तुमच्या त्या एका शब्दावर कोणीतरी निर्धास्त बसलेलं असतं.