जमीरच्या गाडीचा उजवा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळचा. मित्रांनो, माझ्यात डोकावणाऱ्या दहांपैकी नऊ जण दात बघतात नाहीतर भांग. रस्ता बघणारा एखादाच. लोकांची ही खोड मी नऊ वर्षं टिपून ठेवली. आज मात्र माझी स्वतःची सांगायची आहे, आणि ती सांगताना लाज वाटते.

लोहाऱ्याच्या एका कारखान्यात मी घडलो. यवतमाळच्या हबीबमामूंनी मला त्यांच्या भाच्याच्या, जमीरच्या, गाडीवर बसवलं आणि नट असा आवळला, की खड्ड्यातही माझी मान हलू नये.

सोयाबीन निघालं की मामूंच्या गॅरेजातले सगळे एक दिवस गाड्या काढून फिरायला जात. मामूंचा नियम एकच: आपल्या मागचा आरशात दिसला पाहिजे, दिसला नाही, की थांबायचं. मामू स्वतः सर्वांत शेवटी, पान्यांची थैली घेऊन. त्यांच्या पुढे जमीर. म्हणजे मामूंवर लक्ष ठेवणं माझ्याकडे.

यंदा पाच गाड्या केळापूरला निघाल्या. चहाच्या टपरीवर जमीरनं नवा काळा चष्मा चढवला आणि दोन्ही हातांनी जोर लावून, स्वतःचं तोंड दिसेल असं मला आत वळवलं. नवरदेव निघाला, वरात मांगं राहील, असं गॅरेजातल्या इम्तियाजनं चिडवलंसुद्धा. जमीर हसला. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं धूळ आणि ट्रकची तोंडंच पाहिली होती.

पुढे एका गावाजवळ विठ्ठलराव नावाच्या शेतकऱ्यानं अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं; येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनीच मळणी होते. चार गाड्या निसटल्या. पाचवी घसरली. तेव्हा मी जमीरच्या मिशा दाखवत होतो.

केळापूरला उतरून पाहिलं, तर मामू नाहीत. फोनही उचलेनात. सगळे गाड्या वळवून आल्या वाटेनं मागे सुटले.

मामू पळसाखाली बसले होते. फोन फुटलेला, उजवं मनगट मोडलेलं. विठ्ठलराव मान खाली घालून रस्त्यावरचं सोयाबीन ओढत होते. त्यांच्या घरच्या विमलताईंनी मामूंचा हात फडक्यानं बांधला होता.

"पडल्या पडल्या लय आवाज देल्ले यायनं तुमाले," त्या म्हणाल्या. "मांगं कोनीच पायलं नाई?"

"आरसा ढिला झालता, मामू," जमीर पुटपुटला. "आपोआप फिरला."

दुसऱ्यांची तोंडं दाखवतो मी, पण मला स्वतःचं तोंड नाही.

मामू उठले. डाव्या हातानं त्यांनी मला वळवून पाहिलं. मी तसूभरही हललो नाही.

"ढिला नाई रे," ते हळूच म्हणाले. "याले फिरवाले दोन हात लागते."

जमीरनं चष्मा काढून खिशात टाकला. त्याचे डोळे मला अगदी स्वच्छ दिसले. नको होते तेव्हा दिसले.

मामूंच्या त्या उजव्या हातानं आता नट आवळला जात नाही. म्हणून मित्रांनो, निघण्यापूर्वी माझ्याकडे बघा. माझ्यात तुम्हीच दिसत असाल, तर मागचं कोणीतरी दिसत नाही, एवढं समजा आणि मला वळवा.

त्या दिवशी मला रस्त्याकडे वळवायलाही दोन हात लागले. एक जमीरचा होता, दुसरा मामूंचा डावा.