एकदाच प्रवेश

आठ वर्षांनी भाऊजी माझ्या टेबलासमोर येऊन बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "एसी जरा कमी करता येईल का गं?"

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. कागदोपत्री अजूनही नवराच. ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तिला घरी आणून सहावा दिवस होता, कूस बदलायलाही तिला माणूस लागायचं. त्या दिवशी या गृहस्थाने कपाटातले शर्ट बॅगेत भरले आणि आपल्या ऑफिसातल्या एका बाईकडे राहायला गेला. जाताना औषधांची यादी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तू आहेस, त्यामुळे काळजी नाही." त्या दिवसापासून मी ताईकडे राहतेय आणि त्या दिवसापासून मी या माणसावर डूख धरून आहे. कोणाला बागेचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. मला हा होता.

मी एका टूर्सच्या ऑफिसात काम करते. तिकिटं काढणारे वेगळे, हॉटेलं ठरवणारे वेगळे. मी मार्ग आखते. कुठे किती रात्री राहायचं, कुठून कुठे कशाने जायचं, कुठल्या वारी कुठला रस्ता बंद असतो, हे सगळं माझ्याकडे. ऑफिसात मला नकाशाबाई म्हणतात. पंधरा वर्षांत माझ्या आखणीतला एकही माणूस कुठे अडकून पडलेला नाही. साहेब हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सांगतात.

"दोन देश करायचेत," भाऊजी म्हणाला. "डोंगरातले. ते दोन शेजारीशेजारी आहेत ना, तेच. एकाच फेरीत, बारा दिवसांत. दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळे म्हणाले जोडून करणं किचकट आहे. मग म्हटलं, घरचं माणूस असताना बाहेर कशाला फिरा."

घरचं माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर स्टेपलर होता, तो मी आधी ड्रॉवरमध्ये टाकला. हाताशी नको उगीच.

"किती जण?" मी विचारलं.

"दोघं."

दोघं. म्हणजे बाईसाहेबांना बर्फ दाखवायला न्यायचंय. मी पॅड पुढे ओढलं आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता लिहीत गेले. त्याच्या अटी तर विचारूच नका. एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त गाडीत बसवायचं नाही. दर तासाला थांबा हवा. गाडी मोठी हवी, धक्के बसता कामा नयेत. हॉटेलात गादी कडक हवी आणि खोली तळमजल्यावरच हवी.

"हे काय, तुम्ही महाराणीला घेऊन चाललाय का?" माझ्याच्याने राहवलं नाही.

"तिला त्रास होतो," तो खाली बघून म्हणाला.

तिला त्रास होतो! आणि माझी ताई भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायची तेव्हा कोणाला त्रास होत होता? तेव्हा कुठे गेली होती ही माया? मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला, आणि तिला मी आयुष्यात पाहिलेलीही नव्हती. पण मी हसून म्हणाले, "होईल सगळं. तुम्ही निर्धास्त राहा." माझं हसू बघून शेजारच्या टेबलावरच्या तिकीटवाल्याने मान वर केली. मी गिऱ्हाइकांसमोर सहसा हसत नाही.

व्हिसाचे दोन फॉर्म काढले. स्वतःच्या फॉर्मवर त्याने तिथेच सही केली. "बाकीचं तूच भर, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाला. दुसरा फॉर्म सही करून आणायला घेऊन गेला. तो आणि दोन्ही पासपोर्ट शुक्रवारी पाठवतो म्हणाला.

तो गेल्यावर मी आखायला बसले. सुरुवातीला माझी मजल फार लांब जात नव्हती. जनरेटरला लागून खोली द्यावी, विमानात शौचालयाला चिकटून सीट द्यावी, असलं काहीतरी. पण छे! आठ वर्षांच्या रागाला हे म्हणजे दातात अडकलेल्या कणासारखं. मला त्याला कायमची अद्दल घडवायची होती. त्याने जे ताईचं केलं तेच त्याचं व्हायला हवं होतं. परक्या ठिकाणी, हातपाय चालेनासे झालेले, आणि बरोबरचं माणूस सोडून निघून गेलेलं.

आणि मग मला ते सुचलं. काय सांगू, अंगावर काटा आला.

या दोन देशांची गंमत अशी, की दुसऱ्या देशात मोठी विमानं उतरत नाहीत. त्यामुळे जायचं पहिल्या देशात, तिथून खिंडीतल्या रस्त्याने दुसऱ्या देशात, आणि परतीच्या विमानासाठी त्याच खिंडीतून पुन्हा पहिल्या देशात. म्हणजे पहिल्या देशात दोनदा शिरावं लागतं. त्या देशाच्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत. एकावर लिहिलंय 'एकदाच प्रवेश', दुसऱ्यावर 'अनेकदा प्रवेश'. आमच्या धंद्यात नवखा माणूस इथे एकदा चुकतो आणि मग जन्मात पुन्हा चुकत नाही. एकदाच प्रवेशाचा शिक्का घेऊन माणूस खुशाल पहिल्या देशात उतरतो, फिरतो, दुसऱ्या देशात जातो, तिथेही फिरतो. दहाव्या दिवशी परतताना खिंडीतल्या नाक्यावर त्याला सांगतात, तुमचा प्रवेश वापरून झाला, मागे फिरा. जवळची वकिलात दोन दिवसांवर. तिथेही आठवडा लावतात. त्यात विमान गेलेलं, हॉटेल संपलेलं.

मी त्याच्या फॉर्मवर 'एकदाच प्रवेश'च्या चौकोनात काळ्या शाईने फुली मारली. इतकी नीट फुली मी कधी मारली नसेल.

बाकीचा प्लॅन मात्र मी जीव ओतून केला. खोटं नाही सांगत, पंधरा वर्षांत इतका सुंदर मार्ग मी आखला नव्हता. आधी दोन रात्री खालच्या खोऱ्यात, म्हणजे विरळ हवेची सवय होईल. मग तळ्याकाठचं गाव, सकाळी गॅलरीतून तीन शिखरं दिसतात ते. दर तासाला चहाचा थांबा. कडक गाद्यांसाठी मी चार हॉटेलांना स्वतः फोन केले. नऊ दिवस दोघांना स्वर्गात ठेवायचं आणि दहाव्या दिवशी त्याला नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅगेवर बसवायचं. तिच्या फॉर्मवर मी 'अनेकदा' करणार होते, म्हणजे ती नखरेल बाई त्याच्या नावाने बोटं मोडत एकटीच कशी पुढे निघून जाईल, हे मी डोळ्यांसमोर आणून बघत होते. त्या आठवड्यात मला झोप छान लागली. ताई म्हणालीसुद्धा, "काय गं, स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, "काम चांगलं चाललंय."

शुक्रवारी पाकीट आलं. वरचा पासपोर्ट त्याचा होता. फोटोत केस पांढरे, गाल बसलेले. बरं झालं, म्हटलं. दुसरा उघडला.

दुसऱ्यात ताईचा फोटो होता.

मी बंद करून पुन्हा उघडला. ताईच. नाव तिचं, जन्मतारीख तिची, पत्ता आमच्याच घराचा. चार महिन्यांपूर्वीच काढलेला, अजून कोरा करकरीत. मी ऑफिसात असताना दारात आला असणार आणि तिने तो कुठेतरी लपवून ठेवला असणार. कोणापासून? माझ्यापासून! ज्या घरात मी तिच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, त्या घरात.

साहेबांना डोकं दुखतंय सांगून मी निघाले. पिशवीत दोन्ही पासपोर्ट आणि दोन्ही फॉर्म. ताई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. मी पोचले तेव्हा ती आतल्या छोट्या खोलीत एका काकांच्या नाकावर भिंगांची फ्रेम चढवून विचारत होती, "आता चांगलं दिसतंय, की मघाशी चांगलं दिसत होतं?" काकांचं काही ठरेना. मी दारात उभी राहून दातओठ खात होते. ताईने मला पाहिलं, पण काकांना घाई केली नाही. त्यांना बाहेर फ्रेमा बघायला पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाली, "मिळाला पासपोर्ट?"

इतक्या शांतपणे, की मला ओरडायला जागाच मिळेना.

"कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष होईल. नंबर तपासायला आला होता."

"शहरातली सगळी दुकानं बंद होती वाटतं?"

"मला भेटायलाच आला होता. नंबर वाढला होता, तेही खरं."

"आणि ती बाई?"

"ती चार वर्षांपूर्वीच गेली सोडून."

"वा! तिने हाकललं म्हणून तुझी आठवण झाली. आणि तू लगेच पाघळलीस! ताई, काही लाजबीज?"

"लगेच कुठे? वर्ष गेलं," ती म्हणाली. "तुला तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून त्याला तुझ्याकडे पाठवलं. तो तयार नव्हता. घाबरतो तुला."

मी तिला मग काय नाही नाही ते बोलले. तिच्यासाठी मी काय काय केलं, किती रात्री जागले, चांगलं चालून आलेलं स्थळ कसं परत पाठवलं, सगळं काढलं. ती भिंगं एकेक पुसून पेटीत लावत होती. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, "ते स्थळ नाकारू नकोस म्हणून मी तुझ्या हातापाया पडले होते. आठवतं? बरं, एक विचारू? चार वर्षांपूर्वी तो आपल्या दारात आला होता. तू मला सांगितलंस कधी?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आला होता. रविवारी सकाळी. ताई आंघोळीला गेली होती. मी दाराची साखळीही काढली नाही. फटीतूनच म्हणाले, "ताईने सांगितलंय, तुमचं तोंड बघायची इच्छा नाही." ताईने असं काही म्हटलं नव्हतं. तो जिना उतरून गेला. मी आत येऊन भांडी घासायला घेतली आणि मला इतकं बरं वाटलं होतं की मी गुणगुणत होते.

"तुझ्या भल्यासाठीच," मी म्हणाले.

"माझा राग होता तो," ताई म्हणाली. "किती दिवस धरायचा आणि कधी सोडायचा, ते मी ठरवलं असतं. तू माझ्या हातातून घेतलास आणि परत दिलाच नाहीस."

मी हरणारी नव्हते. मी पिशवीतून त्याचा फॉर्म काढून तिच्यासमोर आपटला, फुलीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. खिंड, नाका, एकदाच प्रवेश, दोन दिवसांवरची वकिलात.

"तुझं अनेकदा करते," मी म्हणाले. "तू सुखरूप परत येशील. त्याला राहू दे तिथे! ताई, ऐक माझं. दहाव्या दिवशी तू नाक्यातून पलीकडे चालत जायचं. तो मागून हाका मारेल, तू वळून बघायचं नाही. त्याला एकदा तरी कळू दे, मागे पडलेल्या माणसाचं काय होतं ते. तुला नाही वाटत असं? खरं सांग, एकदाही नाही वाटलं?"

ताईने फॉर्म हातात घेतला. ती बराच वेळ त्या फुलीकडे बघत होती. तिने तो विचार केला, हे मी शपथेवर सांगेन. तिचा जबडा घट्ट झाला, मला दिसलं. आली माझी बहीण जाग्यावर, म्हटलं.

मग तिने फॉर्म माझ्या हातात परत दिला.

"वाटलं होतं. पुष्कळदा वाटलं," ती म्हणाली. "हे बघ, तुला फुली बदलायची नसेल तर नको बदलूस. पण मग माझ्याही फॉर्मवर एकदाच कर."

"डोकं फिरलंय का तुझं? तूही अडकशील तिथे! ती थंडी, तुझी पाठ..."

"अडकेन. पण त्याला तिथे टाकून मी येणार नाही. आणि तू म्हणतेस म्हणून तर अजिबात नाही."

बाहेरून काकांनी हाक मारली, त्यांना एक फ्रेम पसंत पडली होती. ताई उठली, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि गेली.

मी ऑफिसात परत आले. दोन्ही फॉर्म समोर ठेवून बसले. ताईच्या फॉर्मवर तिची सही होती आणि दोन्ही चौकोन रिकामे होते. मी फुली मारू शकत होते. कुठेही. तिने सगळं माझ्यावर सोडलं होतं आणि त्याच गोष्टीचा मला संताप आला होता. तिचा राग आला, त्याचा आला. सगळ्यात जास्त आला तो त्या रविवारी भांडी घासत गुणगुणणाऱ्या बाईचा. आणि तिचं मला काही करता येत नव्हतं.

ताईच्या फॉर्मवर 'अनेकदा' केलं. त्याच्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, वकिलात तसा फॉर्म परत पाठवते. नवा भरायचा तर नवी सही लागते. तिकीटवाला म्हणाला, "नकाशाबाई, चुकलात की काय? पहिल्यांदाच!" मी फॉर्म फाडला आणि फोन लावला.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमची पुन्हा एक सही लागेल."

पलीकडे तो घाबरला. "का गं? काही चुकलं का?"

"हो," मी म्हणाले. "माझंच चुकलं. या तुम्ही."