चाळीस पाठींवर ‘हळू’

धाकटीने शब्द दिला तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे तो कुणाला नीट ऐकू आला नाही, असं ती नंतर म्हणू शकली असती. पण ती तसल्यातली नव्हती. टाचण्या काढून तिने पुन्हा ठणकावून सांगितलं, "महिनाअखेरीपर्यंत चाळीसच्या चाळीस जाकिटं गेली नाहीत, तर मागची खोली तुझी, दादा. मी मुकाट्याने पुढे बसून मापं घेईन."

दादाचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. कारखाना म्हणजे सात मशिनं, एक कापायचं टेबल आणि छताला टेकलेले निळ्या-करड्या कापडाचे गठ्ठे. मागच्या खोलीत त्याला इस्त्रीची दोन टेबलं टाकायची होती आणि तिथे तीन वर्षं ही धाकटी बहीण ठाण मांडून बसली होती. ती रस्त्यावर हिंडणाऱ्या तरुण मंडळींसाठी कपडे करायची. ढगळ जाकिटं, टोपीवाले सदरे, आठ खिशांच्या विजारी. "आठ खिसे कशाला? माणसाला हात दोनच," हा दादाचा विनोद होता आणि दर आठवड्याला तो नव्याने सुचल्यासारखा करायचा.

मासिकं बघून कपडे करणं तिला उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. तिला सुचायचं ते रस्त्यावर, आणि सुचलेलं एकटीने करण्यात तिला राम वाटत नसे. आधी तिने दुकानांच्या शटरांवर चित्रं काढणाऱ्या एका बाईबरोबर सदरे केले. पहिल्याच धुण्यात त्यांवर रंगवलेल्या मोरांची पिसं गेली. मग तंबू शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून टाका शिकून विजारी केल्या. त्या इतक्या मजबूत झाल्या की घालणाऱ्याला बसताच येईना. फजिती झाली तरी गळ्यातल्या किंवा कमरेतल्या पट्टीवर तिच्या नावाशेजारी त्यांचं नाव असे, आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत. त्याबाबतीत ती कुणाचं ऐकत नसे.

रस्तेकाका तिला एका शाळेच्या फाटकासमोर भेटले. हे नावही तिनेच ठेवलेलं. गुडघ्यांवर बसून ते डांबरावर ‘हळू’ रंगवत होते. साचा नाही, मोजपट्टी नाही. खडू लावलेली दोरी ताणायची, टिचकी मारायची, पावलांनी अंतर मोजायचं आणि कुंचला फिरवायचा. ‘ळ’च्या दोन्ही गाठी त्यांनी हात न उचलता एका दमात काढल्या, आणि धाकटी सायकलवरून उतरली.

"काका, हे माझ्या जाकिटांवर काढाल?"

"पोरी, माझ्या अक्षरांवरून लोक गाड्या नेतात. ती कुणी अंगावर घेतं का?"

"मी घेईन. आणखी एकोणचाळीस जणांना घ्यायला लावीन."

चार दिवस तिने चौकाचौकांत त्यांचा पिच्छा पुरवला. पाचव्या दिवशी काका म्हणाले, "कुठे यायचं ते सांग बाई. नाहीतर तू एखाद्या गाडीखाली येशील आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या फरशीवर तिने पाठीचे चाळीस काळे तुकडे ओळीने मांडले. काकांनी चपला काढल्या, दोरी मारली आणि कामाला लागले. धाकटी ओळीच्या एका टोकाला उभी राहून बघत होती. पांढरं, ठसठशीत ‘हळू’. तिला वाटलं, जमलं. आता काही झालं तरी ही खोली आपलीच.

पुढचा आठवडाभर ती आणि वहिनी शिवत होत्या. वहिनीचा हात भलता चपळ, पण तोंड उघडायला तिला वेळ लागे. पहिलं जाकीट पूर्ण झालं तशी तिने ते हँगरवर लटकवलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याला काय झालंय गं?"

अक्षरं ताणून ठेवल्यासारखी उभीच्या उभी लांब झाली होती. ‘ह’ कॉलरला डोकं आपटत होता, ‘ळ’चा ऊकार कमरेच्या पट्टीत घुसला होता, आणि मधलं काही वाचताच येत नव्हतं. दादाने येऊन बघितलं. "कुणी उपाशी ठेवलं यांना?" तो म्हणाला.

निरोप मिळताच काका धावत आले. जाकीट बघून गठ्ठ्यावर बसले ते बसलेच.

"रस्त्यावरचं अक्षर गाडीवाला लांबून तिरकं बघतो," ते म्हणाले. "नेहमीच्या मापाचं काढलं तर त्याला चपटं दिसतं. म्हणून अडीचपट लांब काढायचं. तीस वर्षं तेच केलं. कापडावर बसलो तरी हात रस्त्यावरच गेला."

"आणि मीही ते जमिनीवर अंथरलेलंच बघितलं," धाकटी म्हणाली. "एक तुकडा उचलून भिंतीला लावून बघायचं सुचलं नाही मला. कपडे करते म्हणे मी."

"माझं नाव तेवढं काढ त्या पट्टीवरून."

"नाव राहील, काका."

काका गेल्यावर तिने जाकीट अंगात घातलं आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली. कुठूनही बघा, वेडंच दिसत होतं. तेवढ्यात टेबलावरून दोऱ्याचं रीळ गडगडत खाली गेलं आणि ते उचलायला ती वाकली.

"थांब," वहिनी मागून म्हणाली. "तशीच राहा."

"पाठ भरून येईल माझी."

"येऊ दे. वाचता येतंय."

उभ्या पाठीवर ताणलेलं अक्षर वाकलेल्या पाठीवर बरोबर मापात येत होतं. दोघींनी आलटूनपालटून वाकून खात्री केली. दादा दारात आला, बायको आणि बहीण एकमेकींसमोर वाकलेल्या बघितल्या आणि काही न विचारता परत गेला.

शनिवारी मोठ्या दुकानाच्या बाई आल्या. जाकिटं आवडली तर चाळीसही घेणार होत्या, म्हणजे दादाला दिलेला शब्द एका फटक्यात पुरा झाला असता. धाकटीने जाकीट घालून, वाकून दाखवलं. बाई हसल्या, पण चांगुलपणाने.

"गिऱ्हाईक दुकानात वाकत नाही, बाळ. हँगरवर वाचता येत नाही ते माझ्याकडे खपत नाही. असं कर, छापखान्यातून सरळ अक्षरं छापून आण. चाळीसच काय, शंभर घेते. त्या काकांचं मात्र राहू दे."

दादा खाकरला. वहिनीने मशीन थांबवलं. हो म्हणणं किती सोपं होतं, हे धाकटीला पुरतं कळत होतं आणि त्याचाच तिला राग आला.

"नाही जमणार," ती म्हणाली. "अक्षर त्यांचंच राहील."

बाई गेल्यावर दादा म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारी आज बघितली."

"पळत्याच्या नाही. वाकणाऱ्यांच्या."

महिना संपायला बारा दिवस होते. ती रोज सकाळी जाकीट चढवून सायकलवर निघे. पार्सलं पोचवणारे, शर्यतीच्या सायकलींवर सराव करणारे, जो कुणी हँडलवर वाकलेला दिसेल त्याच्या पुढे जाऊन सायकल दामटायची आणि सिग्नलला त्याला गाठायचं. निम्मे लोक तिला वेडी समजले. उरलेल्यांतल्या काहींनी मागून ‘हळू’ वाचलं होतं आणि ते स्वतःहून थांबले. पार्सलवाल्यांच्या अड्ड्यावर एका दिवसात नऊ गेली. एका मास्तरणीने स्वतःसाठी एक आणि नवऱ्यासाठी एक नेलं. शेवटच्या आठवड्यात पाय लाकडासारखे झाले होते, तरी ती निघतच होती.

शेवटच्या दिवशी दुपारी अकरा जाकिटं उरली.

शब्द म्हणजे शब्द. तिने कुणी सांगायची वाट बघितली नाही. कात्र्या, खडू, कागदी नमुने खोक्यांत भरले, भिंतीवरचे कागद काढले आणि मापाची टेप गळ्यात अडकवून पुढे येऊन बसली. दादाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो इस्त्रीचं टेबल दारातून आत घालताना विनाकारण सगळ्यांवर खेकसत होता.

तेवढ्यात रस्तेकाका आले. अंगावर कामाचे कपडे, हाताला पांढरा रंग.

"काल वळणावर बसून पट्टा मारत होतो," ते म्हणाले. "एक सायकलवाला पुढून वाकून गेला. शंभर पावलांवरून वाचलं मी. माझंच अक्षर, आणि मला आपोआप कुंचला थांबवावासा वाटला. आम्ही दिवसभर रस्त्यावर वाकलेले असतो, पोरी. गाड्या मागून येतात. गेल्या वर्षी आमचा एक जण गेला. तीस वर्षं मी लोकांना हळू जा म्हणून लिहितोय, आणि आमच्या स्वतःच्या पाठीवर कधी काही नव्हतं. किती उरलीत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वाकणारी माणसं शोधत धाकटी बारा दिवस शहर पालथं घालत होती, आणि ज्यांच्याकडून अक्षर काढून घेतलं ते काका तिला गुडघ्यांवर बसलेलेच भेटले होते.

"अकरा," वहिनीने उत्तर दिलं.

"आम्ही बारा जण आहोत."

दारात टेबल अडकलं होतं. दादाने ते खाली ठेवलं. गणवेशवाल्या माणसाला काहीही चालतं, पण ऑर्डरमध्ये एक नग कमी पडलेला चालत नाही.

"एक कमी पडतंय," तो म्हणाला. मग टेबलाचं दुसरं टोक धरलेल्या इस्त्रीवाल्याला म्हणाला, "मागे घे. बाहेर. इथे काम आहे." आणि धाकटीकडे न बघता, "खडू कुठल्या खोक्यात घातलास?"

तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, काळ्या कापडाचा तुकडा कापला आणि फरशीवर अंथरला. काकांनी चपला काढल्या. खाली बसण्याआधी त्यांनी विचारलं, "या वेळी जरा आखूड काढू का?"

"एक बोटही नाही," धाकटी म्हणाली.