तीन ठक

भिंतीपलीकडे तिसरा ठक वाजला आणि मर्लीनने अडकित्ता खाली ठेवला. तिच्या मांडीवरच्या ताटलीत अक्रोडासारखे सोललेले एकसष्ट पेकन होते, टोपलीत न फोडलेले त्याच्या दुपटीहून थोडे जास्त. खिडकीच्या कठड्यावर अ‍ॅमरिलिसची एक कुंडी, कुंडीत एक दांडा, दांड्यावर चार कळ्या. शेजारच्या बशीत तिच्या नवऱ्याची, ऑर्व्हलची, दोन्ही श्रवणयंत्रं होती. कामाला बसताना ती तो काढूनच ठेवायचा. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं पाच-पाचच्या ढिगांनी गोळ्या मोजल्यावर समोर दिसेल ते मोजायची सवय मर्लीनला लागली होती, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती.

"तीन!" ऑर्व्हल पलीकडून ओरडला. "रिकामी!"

"ऐकलं!" ती म्हणाली. त्याला ते ऐकू जाणार नव्हतं, पण उत्तर द्यायचा रिवाज चव्वेचाळीस वर्षांचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने अट घातली होती की घरात बंदूक येईल ती रिकामी होऊन, आणि रिकामी झालेली मला ऐकू आली पाहिजे. तेव्हापासून मागच्या दाराने आत आला की तो एकेक काडतूस काढून बाकावर आपटून ठेवायचा. बदकांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं ठेवायची मुभा. त्यामुळे तीन ठक झाले की ती पुन्हा आपल्या कामाला लागायची.

गेल्या नोव्हेंबरात टर्की कापता कापता त्यांची मुलगी रोंडा तिला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "आई, बाबांच्या बंदुका मी माझ्याकडे लिटल रॉकला घेऊन जाते. ते गेट उघडं टाकतात, गोळ्या दोनदा घेतात."

"गोळ्या मी मोजून देते."

"आणि बंदुका?"

"त्या तो अजून बरोबर मोजतो," मर्लीन म्हणाली होती. "ज्या दिवशी मोजणी चुकेल त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन."

दुपारचे अडीच वाजले होते. भाताच्या पाणथळ शेतांवरून पांढऱ्या हंसांचे थवे एकामागून एक कलकलाट करत चालले होते. ऑर्व्हल सकाळभर बांधामागच्या खड्ड्यात त्यांची वाट पाहत बसला होता आणि एकही बार न टाकता परतला होता. उद्या शेजारचा डब सोबत येणार, म्हणून बंदूक आजच नीट करायची होती. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दस्त्याचा धक्का त्याला सोसत नव्हता, आणि सांधेदुखीने वाकलेल्या बोटांना काडतूस नळीत सरकवणाऱ्या बोल्टची छोटी मूठ पकडता येत नव्हती.

थोड्या वेळापूर्वी ती त्याला कॉफी देऊन आली होती. बाकावर मऊ रबराची नवी गादी, मोठ्या बोंडाची नवी मूठ, दस्ता किंचित खाली आणणाऱ्या दोन पातळ चकत्या आणि सात हत्यारं मांडलेली होती. पुढच्या बाजूला, नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्याला, आठवड्यापूर्वी बसवलेला लांब जोड.

"हे काय, तोफ केलीस की काय हिची?" तिने त्याच्या कानाशी वाकून विचारलं होतं.

"म्हातारपणी माणूस आखूड होतो, मर्ले. बंदूक तरी लांब होऊ दे."

"आणि तोंड इकडे का? नेहमी वाळूच्या बादलीकडे असतं."

"जोडामुळे तिकडे मावत नाही. फ्रीझर आड येतो. रिकामीच तर करायची आहे आता, तू जा आपले दाणे फोड."

शिकंज्यात धरलेल्या बंदुकीचं तोंड भात गिरणीच्या कॅलेंडरवर होतं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर. कॅलेंडरमागे पाऊण इंचाची फळी होती. फळीच्या पलीकडे, स्वयंपाकघरात, मर्लीनची खुर्ची.

"मर्ले! लिही!"

तिने पाकिटाची मागची बाजू पुढे ओढली. नव्या मुठीसोबत चापाची नवी स्प्रिंगही आली होती, आणि चाप किती ताणाला सुटतो हे तो हुकाच्या वजनकाट्याने मोजत होता. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजून सरासरी काढायची हे त्याला तिनेच शिकवलं होतं. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून आता तो भिंतीतून ओरडून सांगायचा आणि ती लिहायची.

खट्, असा कोरडा आवाज आला.

"चार पौंड, सहा औंस!"

तिने लिहिलं. पेन्सिल ठेवताना तिचा कोपर कुंडीला लागला आणि जड कळ्यांचा दांडा एका बाजूला कलला. सुतळी सैल झाली होती. ती सारखी करायला तिने आधाराची काठी धरली आणि मातीत खोल दाबली. काठी गुळगुळीत होती, बोटाएवढी जाड, आणि वरच्या टोकाला डागून काढलेली दोन अक्षरं होती. ऑर्व्हलची आद्याक्षरं.

तिचा हात काठीवरच थांबला.

गुरुवारी तिने त्याच्याकडे कुंडीसाठी काहीतरी मागितलं होतं. त्याने बाकावरून ही उचलून दिली होती. "घे. हंसांच्या मोसमात ही लागत नाही. हवी तेवढी काडतुसं भरायची सूट आहे." वर्षानुवर्षं ही काठी नळकांड्यात बसलेली असायची, तिथे दोनाहून जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून. दोन तिथे, एक नळीत. तीन.

काठी इथे होती. बंदुकीला शिवाय जास्त काडतुसं मावणारा लांब जोड होता. आणि ठक तीन झाले होते.

ती उठली. ताटली मांडीवरून घसरली, पेकन फरशीवर पसरले. या बंदुकीची चाल तिला पाठ होती, इतक्या जेवणांना तिने ती ऐकली होती. चाप ओढून घोडा पडला की नळकांड्यातलं पुढचं काडतूस सुटून बाहेर येतं. मूठ मागे ओढून सोडली की ते थेट नळीत जाऊन बसतं. घोडा एकदा पडला होता. दुसरं माप घ्यायला तो आता मूठ ओढणार होता.

"ऑर्व्हल!"

बशीत श्रवणयंत्रं दोन.

तिने भिंतीवर थाप मारली नाही. थापेच्या हादऱ्याने तो दचकला असता. ती बाजूने, भिंतीला पाठ घासत निघाली. स्वयंपाकघरातून कामाच्या खोलीच्या दारापर्यंत अकरा पावलं होती. सातव्याला तिला मूठ मागे जाताना ऐकू आली. मग खळ्ळ करून बोल्ट पुढे येऊन बसला.

दारातून त्याची पाठ दिसली. डावा हात दस्त्यावर, उजव्या हातात काटा, काट्याचा हूक चापाच्या दिशेने चाललेला. मर्लीनने दिवा बंद केला, लावला, पुन्हा बंद करून लावला. जेवायला बोलवायची हीच पद्धत होती.

हूक हवेत थांबला.

"आत्ता? तीन तरी वाजू देत की," तो न वळता म्हणाला.

ती पुढे आली आणि त्याला दिसेल असा आपला पंजा बाकावर ठेवला. मग काटा त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"पुन्हा मोज," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"मोजली ना मघाशी. तीन. ऐकायला तुलाही कमी येतं का आता?"

"पुन्हा मोज, ऑर्व्हल."

तो हसत होता. हसतच त्याने मूठ मागे ओढली. बंदुकीच्या कुशीतून एक लाल काडतूस उडालं, बाकावर आपटलं आणि घरंगळत कॉफीच्या कपाला जाऊन टेकलं.

ऑर्व्हल त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने बोट आत घातलं, खटका दाबला आणि पुढचं काढलं. मग आणखी एक. तिन्ही त्याने आधीच्या तिन्हींशेजारी एका ओळीत उभी केली, पण आपटली नाहीत. करंगळी नळकांड्यात घालून त्याने चाचपलं. मर्लीननेही चाचपलं. मग दोघांनी आळीपाळीने नळीत पाहिलं.

"काठी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या कुंडीत. तूच दिलीस."

"मीच दिली." त्याने मान हलवली. त्याची नजर नळीच्या तोंडापासून कॅलेंडरपर्यंत गेली. "आणि तू कुठे होतीस?"

"खुर्चीत."

त्याने शिकंजा सैल केला. दोघांनी मिळून बंदूक फिरवली. फ्रीझर ढकलावा लागला, त्याला खांदा साथ देईना, मग तिने ढकलला. नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडे आलं. वरून हंसांचा आणखी एक थवा गेला, पण त्याने वर पाहिलं नाही.

"डबला सांगावं लागेल, उद्या जमणार नाही म्हणून," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "रोंडाला तू फोन करतेस की मी करू?"

मर्लीनला तो प्रश्न अपेक्षित नव्हता. नोव्हेंबरात स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, हे तिला आता आठवलं.

"हे मोजून होऊ दे आधी," ती म्हणाली. "एका मापाला काही अर्थ नसतो."

"मग तू ओढ. माझा हात आज नको."

त्याने मूठ मागे ओढून सोडली. तिने वाकून पुन्हा एकदा आत पाहिलं, हूक चापात अडकवला आणि काटा सरळ रेषेत, सावकाश आपल्याकडे ओढत गेली. खट् झालं. ऑर्व्हलने चष्मा कपाळावर सारून काट्यावरचा आकडा वाचला आणि बाकावरची पेन्सिल उचलली.

चार पौंड, पाच औंस.