डाव्या पायाची दुमड

"काढ ती पँट, आत्ता उसवून देते," सुईत दोरा ओवत टेलरबाई म्हणाली. बाहेर शाळेची बस हॉर्न वाजवत होती.

लेक आरशासमोरून हलेना. आज संचलनात शाळेचा झेंडा तिच्या हातात असणार होता, आणि नव्या पांढऱ्या पँटचा डावा पाय घोट्याच्या वरच थांबला होता. खाली बुटाचा जाडजूड तळ विटेसारखा उघडा पडला होता.

चूक बाईच्या हाताची होती. डोक्याला विचारून शिवायची सवय त्या हाताला राहिली नव्हती. लेक तान्ही असताना तिच्या रक्तात जंतू पसरले. ती वाचली, तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो. पण शाळेत जायला लागल्यावर डावा पाय मागे पडू लागला. त्या दुखण्यात हाडाच्या टोकाची वाढीची जागाच निकामी झाली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून बाई डावा पाय आखूडच शिवी, म्हणजे पँट जमिनीवर लोळत नसे आणि कुणाची नजर जात नसे. झाकणं हा तर तिचा धंदाच. मुख्याध्यापिकांचा उतरता खांदा, सोनाराचं सुटलेलं पोट, सगळं तिच्या टेपला ठाऊक, बाकी कुणाला नाही. परवा उंच तळाचा बूट आला, दोन्ही पाय बरोबरीला आले. हाताने मात्र जुनीच दुमड घातली.

"सगळे बुटाकडेच बघतील गं," बाई म्हणाली.

"बघू देत. सोनारकाकांचं पोट इतकी वर्षं झाकलंस, जेवण कमी केलं का त्यांनी?"

बाईला हसू आलं, तरी ती गुडघ्यांवर बसून दुमड चाचपू लागली. लेकीने तिचा हात धरला.

"आई, पाय लपवत चाललं की झेंडा कलतो. सर दुसऱ्या कुणाला देणार होते. मग मी खाली बघणं सोडलं. आता तू पण सोड." आणि ती तशीच बसमध्ये जाऊन बसली.

मैदानावर बाई पहिल्या रांगेत बसली. झेंडा आला, सरळ, वाऱ्यातही सरळ. शेजारच्या बाईने वाकून विचारलं, ती जाड बुटाची मुलगी कुणाची हो?

टेलरबाईने जन्मात कुणाचं माप दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

"माझी," ती म्हणाली. "पँटही मीच शिवलीय."

दोरा ओवलेली सुई अजून तिच्या बाहीला टोचलेली होती.